चांदीची सुई बाळगणारी बाहुली

टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि संभाषण यांच्या आधारे खेळला जाणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि ‘डंजन मास्टर’ म्हणून ओळखला जाणारा सूत्रधार गोष्ट पुढे नेत उरलेली सारी पात्रे, राक्षसांसह, स्वतः चालवतो. या राक्षसांचा धाक बहुधा नख्यांवर, ज्वाळांवर आणि अंगबळावर उभा असतो. ‘कॅरियोनेट’ ही बाहुली मात्र चणीने लहान आणि समोरासमोरच्या झुंजीत नवख्या चमूलाही फारशी जड न जाणारी असून तिची दहशत पूर्णपणे नियमांच्या रचनेतून निर्माण होते.

तिचे मूळ ‘रेव्हनलॉफ्ट’ या, भयकथांसाठी राखलेल्या विश्वात आहे. ब्रूस नेस्मिथ यांच्या ‘द क्रिएटेड’ या १९९३ मधील साहसकथेत, म्हणजे सूत्रधारासाठी आयत्या तयार केलेल्या कथानकात, एका खेळणीकाराने घडवलेला बाहुला जिवंत होऊन मोठ्यांवर उलटतो. कार्लो कोलोदी यांच्या पिनोकिओची छाया येथे उघड दिसते; फरक इतकाच की पिनोकिओ खरा मुलगा होण्यासाठी धडपडतो, तर कॅरियोनेट दुसऱ्याचा तयार देहच बळकावते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपटही १९९३ चाच, आणि त्यातला तात्या विंचूही बाहुल्यात अडकून माणसाच्या देहासाठी तळमळत असतो, पण हा केवळ योगायोग, कारण तात्याचे नाते १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाशी आहे.

‘व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’ या २०२१ मधील पुस्तकात कॅरियोनेटचे नियम नव्याने मांडले गेले. ती निश्चल पडून राहिली, की पाहणाऱ्याला ती निर्जीव वस्तू नाही हे सहजी ओळखता येत नाही. एखादी वस्तू सजीव आहे की निर्जीव, याविषयी मन साशंक राहिले की अस्वस्थता दाटते, असे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट येन्च यांनी १९०६ मध्ये प्रतिपादले होते. निश्चलतेच्या या नियमाने नेमकी तीच शंका फाशाच्या स्वाधीन केली आहे. तिच्या चांदीच्या सुईने होणारी जखम किरकोळच, पण बळी पडलेल्या पात्राला ‘सेव्हिंग थ्रो’, म्हणजे संकट टाळण्यासाठी वीस बाजूंच्या फाशाने टाकायचे दान, साधले नाही तर ते शापित होते. मग दुसऱ्या अशाच दानात अपयश आले की दोघांच्या जाणिवांची अदलाबदल होते: बाहुली माणसाच्या देहातून चालू-बोलू लागते आणि बेशुद्ध झालेले पात्र तासाभराने लाकडी देहात जागे होते.

खरी मेख यापुढे आहे. सहज मोडता येणारी ती बाहुली चमूने फोडली, तर बाहुलीबरोबर आत अडकलेला सोबतीही मरतो, आणि समोर तलवार घेऊन उभा असलेला देहही त्याच सोबत्याचा असतो. शत्रू दिसला की वार करायचा, या खेळाडूंच्या सर्वांत जुन्या सवयीलाच असा पायबंद बसतो. शिवाय ज्याचे पात्र गेले तो खेळाडू टेबलाशीच बसलेला असतो आणि आपण आजवर जोपासलेले पात्र सूत्रधाराच्या तोंडून बोलताना ऐकत राहतो. पडद्यावरच्या बाहुलीला प्रेक्षकाशी असा खेळ करता येत नाही.

या रचनेत एक कच्चा दुवाही आहे. अदलाबदल मोडण्यासाठी संरक्षणाचा एक मंत्र पुरेसा असतो आणि तो पहिल्याच श्रेणीचा, म्हणजे सुरुवातीच्या पात्रांनाही अवगत असू शकणारा असल्यामुळे पुस्तक वाचून आलेला पुरोहित चमूत असला की सारा थरार एका चालीत संपतो. म्हणून कल्पक सूत्रधार उपाय तोच ठेवत नाही: तो मंत्राला एखादी अट घालतो किंवा बाहुली बनवणाऱ्या कारागिराला शोधून काढण्याची जबाबदारी खेळाडूंवर टाकतो.