हळदीकुंकवावर कीड पडली? जरा थांबा!

चाळीच्या कठड्यावर, तेलाच्या रिकाम्या डब्यात लाल-पिवळ्या फुलांचे हळदीकुंकू अनेक घरी दिसते. कुणी त्याला काकतुंडी म्हणतात. मूळचे अमेरिका खंडातले हे झाड आपल्या रुईच्याच कुळातले. पान तोडले की दोन्हींतून पांढरा चीक येतो. हा चीक कडू व विषारी, म्हणून गुरे सहसा तोंड लावत नाहीत. तरी एके दिवशी कोवळे शेंडे किड्यांनी भरतात आणि आपण विषारी औषध शोधू लागतो. भगिनींनो, आधी कीड ओळखा.

मोहरीएवढे पिवळे, काळ्या पायांचे किडे म्हणजे मावा. या साऱ्या माद्याच. नराशिवाय त्या थेट जिवंत पिले घालतात, म्हणून बघता बघता शेंडा भरतो. गर्दी झाली की पंखवाल्या माद्या निपजतात व दुसऱ्या झाडावर जातात. मावा रस शोषतो, पाने आकसतात. त्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट पाण्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी धरते.

पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांचा आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेला सुरवंट मात्र वेगळा. तो पाने फस्त करतो खरा. पण पुढे त्याचेच नारिंगी फुलपाखरू होते. त्याचे नाव बिबळ्या कडवा. चिकातले विष तो अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याला टाळतात. त्याला मारू नका. खाल्लेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटते.

माव्यासाठी विकतचे विष नको. छोट्या घरात, लेकराबाळांत ते ठेवणेच धोक्याचे. पानामागे अंडी-सुरवंट नाहीत ना, ते पाहा. मग शेंडा एका हाताने धरून पाण्याची धार मारा. उरलेला मावा ओल्या फडक्याने पुसा. फारच भरलेला शेंडा खुडून टाका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. लाल ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या. ते व त्यांच्या अळ्या मावाच खातात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. चीक डोळ्यात गेला तर जळजळ होते, नजर धूसर होते. म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा, तोवर डोळे चोळू नका. चीक गेलाच, तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवा. कीड झाडाची चार पानेच खाते. डोळा मात्र पुन्हा मिळत नाही.