एकशे पंचेचाळीस चाली आणि उरलेली फिल्म

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर ग्रीन बे पॅकर्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ३५-१० असं हरवलं. अमेरिकन फुटबॉलची जी अजिंक्यपद लढत आज सुपर बोल म्हणून ओळखली जाते, तिचा हा पहिलाच सामना. सीबीएस आणि एनबीसी या दोन वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखवला. एनबीसी जाहिरातींतून परतलीच नव्हती म्हणून दुसऱ्या सत्राची पहिली किक पुन्हा मारायला लावली, इतका टीव्हीचा मान. एवढं करून दोघांपैकी एकीकडेही सामन्याची टेप राहिली नाही. दोन इंची व्हिडिओ टेप तेव्हा महाग असे. जुनं पुसायचं आणि तिच्यावरच नवं भरायचं, ही रीत होती.

ही हळहळ आपल्यालाही ठाऊक आहे. १९८३ च्या विश्वचषकात कपिल देवने टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा ठोकल्या, त्यांचं टीव्ही चित्रण नाही. सुपर बोलचं नशीब मात्र बरं. मैदानावर टीव्हीवाल्यांखेरीज आणखी एक मंडळी फिल्मचे कॅमेरे घेऊन उभी होती.

ही मंडळी एनएफएल फिल्म्सची. संस्थेचा मूळपुरुष एड सेबल हा ओव्हरकोट विकणारा माणूस. लग्नात भेट मिळालेल्या, चावी भरून चालणाऱ्या १६ मिमी कॅमेऱ्यावर तो मुलाचे शाळेतले सामने टिपायचा. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १९६२ च्या अजिंक्यपद सामन्याच्या चित्रणाचे हक्क त्याने ३,००० डॉलरना घेतले. सामना डिसेंबरअखेर न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झाला. थंडी एवढी की कॅमेरे गोठले. तरी चित्रपट झाला, लीगला पसंत पडला आणि काही वर्षांत सेबलची कंपनी लीगनेच आपलीशी केली. शाळेच्या मैदानावरचा तो मुलगा, स्टीव्ह, पुढे या घराण्याच्या शैलीचा खरा कारागीर ठरला.

या खेळाचं चित्रण कापायला सोपं वाटतं, कारण त्यात थांबणंच फार. घड्याळाची ६० मिनिटं संपायला तीन तासांच्या वर लागतात. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये मोजलं, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात सरासरी ११ मिनिटंच निघाला. बाकी वेळ खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात, पंच चर्चा करतात, जाहिराती चालतात. मग ती ११ मिनिटं जोडून दिली की झालं? तसं केलं तर डोकं गरगरेल. सामन्याची रंगत त्या थांबण्यातच तापते.

म्हणून एनएफएल फिल्म्सने कॅमेरामनची कामं वाटून टाकली. ‘ट्री’ उंचावर तिपाईशी खिळलेला. त्याच्याकडे पूर्ण चाल. ‘मोल’ कॅमेरा हातात घेऊन मैदानाच्या कडेने फिरणारा. ‘वीझल’ने खेळ सोडून बाकी सगळं टिपायचं: प्रशिक्षकाचा चेहरा, बाकावरची अस्वस्थता, प्रेक्षकांतली म्हातारी. संपादकाला श्वास घ्यायला जागा मिळते ती वीझलच्या फिल्ममधून.

१९६७ च्या सामन्याचीच एक चाल घ्या. पॅकर्सचा बॉइड डाउलर जखमी झाला आणि बदली आलेल्या मॅक्स मॅगीने पाठीमागे चाललेला पास एका हाताने ओढून घेत सुपर बोलच्या इतिहासातले पहिले गुण मिळवले. अशी चाल नुसती वरून दाखवली तर एक माणूस पळाला एवढंच कळतं. नुसता हात दाखवला तर तो कुठून कुठे पोचला ते कळत नाही. संपादक आधी वरचं दृश्य देतो, चेंडू हवेत असताना जवळच्या कॅमेऱ्यावर येतो आणि वेग मंदावतो. त्यातही दिशा सांभाळायची. डावीकडून उजवीकडे धावणारा संघ समोरच्या बाजूच्या कॅमेऱ्यात उलटा धावतो. असे दोन तुकडे लागोपाठ आले की प्रेक्षक गोंधळलाच.

घरी बघायच्या कॅसेटची अडचण निराळी. १९८२ च्या आशियाडनंतर तिरोडी-तुमसरच्या खाणपट्ट्यात भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर पिक्चर बघणाऱ्या पिढीला कॅसेटची खुबी सांगायला नको: मागे नेता येते, पुन्हा बघता येते. म्हणजे संपादकाची चूकही पुन्हा पुन्हा दिसते. मधली एक पेनल्टी कापली की चेंडू अचानक दहा यार्ड सरकलेला दिसतो आणि घड्याळ उडी मारतं. समालोचकाचं वाक्य अर्ध्यात तुटू नये म्हणून कापाच्या खालून प्रेक्षकांचा गलका सलग वाहता ठेवायचा. मध्यंतराचा गाण्यांचा कार्यक्रम तर गाण्यांच्या हक्कांपायी बहुधा वगळावाच लागतो.

आता पुन्हा १९६७ कडे. टीव्हीच्या टेपा गेल्या, पण एनएफएल फिल्म्सने आपल्या चित्रपटासाठी कापून उरलेली फिल्मही जपली होती. दोन डझनांहून अधिक ठिकाणांहून तुकडे जमवून त्यांनी सामन्याच्या सगळ्या १४५ चाली क्रमाने लावल्या, एनबीसीचं रेडिओ समालोचन त्यांवर बसवलं आणि १५ जानेवारी २०१६ ला, बरोबर ४९ वर्षांनी, सामना दाखवला. जिला कुणी विचारलं नसतं अशी मधलीच एखादी फसलेली चाल आता मोलाची झाली होती. तिरोडीच्या लोकांना यात नवल वाटू नये. तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत एके काळी टाकाऊ म्हणून रचलेले डम्प भाव आला की पुन्हा उपसले जातात. मात्र डम्प जागेवर असावा लागतो.

आपल्याकडे नेमका तोच राहत नाही. गावातली स्पर्धा असो की लग्न, चित्रण करणारा तीन मिनिटांची झकास क्लिप देतो आणि कार्ड रिकामं करून पुढच्या कामाला लागतो. त्याचंही खरं, साठवणीला पैसे लागतात आणि ते कुणी देत नाही. म्हणून मंडळांनी स्पर्धेच्या खर्चात ढालीशेजारी एक हार्ड डिस्क धरावी, न कापलेलं चित्रण तीत भरावं, वर तारीख नि संघांची नावं लिहावीत. कोणता क्षण मोलाचा हे त्या दिवशी ठरत नाही, आणि क्लिप पुन्हा कधीही कापता येते.