बेपत्ता, फरार, मयत

घाटकोपर पश्चिमेला मेट्रोच्या जिन्यावरून रोज लोंढा उतरतो. तिथल्याच रेल्वे स्टेशनाबाहेर 2 डिसेंबर 2002 रोजी बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला आणि दोन माणसं गेली. स्फोट आता फारसा कुणाला आठवत नाही. मला त्याची आठवण राहिली आहे ती त्यानंतर नाहीशा झालेल्या तिसऱ्या माणसामुळे.

ख्वाजा युनूस परभणीचा, वय 27. सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. 25 डिसेंबरला त्याला या स्फोटाच्या प्रकरणात ताब्यात घेतलं आणि पोटा हा दहशतवादविरोधी कायदा लावला. 6 जानेवारी 2003 नंतर त्याला कुणी पाहिलेलं नाही. पोलिसांचं म्हणणं असं, की तपासासाठी औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि आरोपी पळाला. पारनेर ठाण्यात तशी तक्रारही नोंदवली गेली. म्हणजे कागदावर युनूस मेला नव्हता, बेपत्ताही नव्हता. तो ‘फरार’ होता.

या तीन शब्दांवर सगळं अडतं. मयत म्हटलं की पंचनामा आला, पोस्टमॉर्टेम आलं, जाब आला. बेपत्ता म्हटलं की निदान शोध तरी घ्यावा लागतो. फरार म्हटलं की दोष गेलेल्याचाच, आणि त्याला शेवटचं धरणारा हात मोकळा.

आई कोर्टात गेली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीआयडीकडे गेला आणि पळून गेल्याची कथा बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला. सीआयडीने 14 पोलिसांकडे बोट दाखवलं. सरकारने खटल्याला परवानगी दिली फक्त चौघांविरुद्ध: पोलीस अधिकारी सचिन वाझे आणि तीन शिपाई. (सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारचीच परवानगी लागते, ही तरतूद इंग्रजांच्या काळातली. स्वराज्यात ती जपून ठेवली आहे.) दरम्यान 2005 मध्ये पोटा न्यायालयाने स्फोटाच्या खटल्यातल्या आरोपींना निर्दोष सोडलं. त्याच खटल्यात अडकवलेल्या आणि सुटलेल्या एका डॉक्टरने जानेवारी 2018 मध्ये साक्ष दिली, की कोठडीत युनूसला पट्ट्याने मारताना मी पाहिलं, तो रक्त ओकत होता. घटनेला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. काही महिन्यांतच विशेष सरकारी वकिलांना बाजूला केलं गेलं. 2020 च्या जूनमध्ये चारही आरोपी पोलीस पुन्हा सेवेत आले. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, हे नोंदवलंच पाहिजे. मृतदेह मात्र आजवर सापडलेला नाही. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने आईला 20 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं, ती न सापडलेल्या मुलाबद्दल.

आंतरराष्ट्रीय कायद्यात याला ‘सक्तीने बेपत्ता करणे’ म्हणतात. सरकारी माणसांनी, किंवा त्यांच्या मूक संमतीने इतरांनी, एखाद्याला उचलायचं आणि मग तो आमच्याकडे नाहीच म्हणायचं किंवा त्याचं काय झालं ते दडवायचं. अर्जेंटिनात अशांच्या आया 1977 पासून दर गुरुवारी अध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात फेऱ्या मारू लागल्या. परभणीच्या बाईने त्याऐवजी तारखा केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या यासंबंधीच्या करारावर भारताने 6 फेब्रुवारी 2007 रोजी सही केली, पण पुढची मंजुरी अजून दिलेली नाही. नव्या न्याय संहितेतही असा वेगळा गुन्हा नाही.

उपनगरांच्या पोटात एक मोठी यादी मात्र त्याआधीपासून आहे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईतल्या दंगलीत जोगेश्वरी, बेहरामपाडा, गोवंडी पेटले. त्यात 900 माणसं मेली आणि 168 बेपत्ता झाली. त्यांना कोठडीतून गायब झालेल्यांच्या रांगेत बसवणं बरोबर होणार नाही. बहुतेकांना जमावाने गिळलं असणार. पण माघारी राहिलेल्यांचे हाल तेच. जनाजा नाही, तेरावं नाही, मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून खोलीला वारस लागत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 108 सांगायचं, की सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरा. सात वर्षं बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं, हे कलमात नव्हतं.

योगायोग असा, की यादीतला उरलेला आकडाही 108 च आहे. 168 पैकी फक्त 60 जणांच्या वारसांना दोन लाखांची भरपाई मिळाली. बाकीच्यांचे वारस सापडत नाहीत, असं सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. म्हणजे आधी माणूस बेपत्ता, मग त्याचं घरही. झोपडी जळाली, कुटुंब मुंब्र्याला नाहीतर गावी गेलं, आणि रेशनकार्डावरचा पत्ता तेवढा मागे राहिला. 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालात न्यायालयाने ही कुटुंबं शोधून व्याजासह पैसे द्यायला सांगितलं आणि देखरेखीला राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांची समिती नेमली.

हा अंक जोगेश्वरीत, घाटकोपरात, मुलुंडमध्ये कुणी वाचत असेल आणि त्या दंगलीच्या दिवसांत घराबाहेर पडून परत न आलेला जुन्या चाळीतला कुणी आठवत असेल, तर त्याची माणसं आता कुठे राहतात ते विचारा आणि प्राधिकरणाला कळवा. सरकारला पत्ता सापडला नाही, पण शेजाऱ्याला तो ठाऊक असू शकतो.