बंपरचे लॉक तुटले? आख्खा बंपर बदलण्याआधी हे पाहा

खेरडी (सिल्वासा) : खड्ड्यात गाडी आपटली की बंपर बाहेरून धड दिसतो, पण आतले लॉक तुटलेले असते. आधी खडखड, मग एखाद्या दिवशी धावत्या गाडीचा बंपर सुटून चाकात येतो. म्हणून दुरुस्ती टाळू नये.

बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात; आतल्या बाजूला 'पीपी' अशी खूण असते. या प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही. चांगला उपाय म्हणजे प्लास्टिक वेल्डिंग. तुटलेला तुकडा जपून ठेवा. जागा धुऊन-घासून तुकडा बसवायचा, पीपीचीच कांडी वितळवून सांधा भरायचा, मागून स्टीलची बारीक जाळी प्लास्टिकमध्ये दाबायची. प्लास्टिक जळून धूर निघाला तर सांधा कच्चा राहतो.

विम्याचे गणितही मांडा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, शिवाय क्लेम घेतला की 20 ते 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस हातचा जातो. एक-दोनच लॉक तुटली असतील तर वेल्डिंग परवडते. बंपरमागची लोखंडी पट्टी वाकली असेल, तर मात्र तेवढ्यावर भागवू नका.