पायथनमधील अटी : इफ, एलिफ, एल्स आणि वाटेत सुटणारा माणूस

आजच्या भागात आपण अटी शिकणार आहोत. म्हणजे प्रोग्रामनं कधी काय करायचं आणि कधी काय करायचं नाही, हे त्याला कसं सांगायचं ते बघणार आहोत. व्हेरिएबल म्हणजे काय आणि प्रिंट कसं वापरायचं एवढं आलं, की हा भाग समजायला हरकत नाही.

सुरुवातीला एक सूचना. व्याख्यानात पडद्यावर दिसणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी या लेखी रूपात आपण उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. तुम्ही संगणकावर लिहाल तेव्हा इफ, एलिफ, एल्स, प्रिंट हे शब्द आणि सगळे अंक इंग्रजीतच टाइप करायचे. 'वय', 'भाडे' अशी व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. पायथन ३ ला ती समजतात.

तर सुरुवात करू या.

आतापर्यंत आपले प्रोग्राम सरळ रस्त्यानं जात होते. पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी. आज रस्त्याला पहिल्यांदा फाटा फुटणार आहे. हा प्रोग्राम बघा :

वय = इंट(इनपुट('वय सांगा: '))
इफ वय >= १८:
    प्रिंट('वयाची अट पूर्ण')
एल्स:
    प्रिंट('अजून थांबावं लागेल')

मतदानासाठी वय पुरेसं आहे का, एवढंच हा प्रोग्राम तपासतो. इफच्या पुढे जे लिहितो त्याचं उत्तर दोनपैकी एकच असतं : ट्रू किंवा फॉल्स, खरं किंवा खोटं. खरं असेल तर इफच्या खालची ओळ चालते. खोटं असेल तर एल्सच्या खालची. दोन्ही कधीच चालत नाहीत.

यात चार गोष्टी लक्षात घ्या. एक, इफ आणि एल्सच्या ओळीच्या शेवटी कोलन, म्हणजे दोन टिंबं, द्यावीच लागतात. दोन, खालची ओळ आत सरकवलेली आहे. साधारणपणे चार स्पेस सोडायची पद्धत आहे. ही जागा दिसायला छान म्हणून सोडलेली नाही. कोणती ओळ अटीच्या ताब्यात आहे, हे पायथन त्या मोकळ्या जागेवरूनच ओळखतो. ओळ डावीकडे सरकली की ती अटीतून बाहेर पडली आणि मग ती सगळ्यांसाठी चालणार. तीन, एक बरोबरचं चिन्ह म्हणजे किंमत ठेवणं आणि दोन बरोबरची चिन्हं म्हणजे तुलना करणं. चार, इनपुटमधून जे येतं ते पायथनच्या दृष्टीनं मजकूर असतं, संख्या नसते. म्हणून आपण ते इंट मधून काढलं. इंट विसरलात तर मजकुराची तुलना संख्येशी होईल आणि पायथन टाइपएरर देऊन थांबेल. गंमत म्हणजे वापरणाऱ्यानं वय देवनागरी अंकांत टाइप केलं, तरी इंट त्याची बरोबर संख्या करून देतो.

एरर आला तर घाबरू नका. एरर देऊन थांबणारा प्रोग्राम निदान चूक झाली म्हणून सांगतो तरी. अटींच्या बाबतीत खरी काळजी असते ती न थांबता चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची. आजचा मुख्य मुद्दा तोच आहे.

वरच्या प्रोग्राममध्ये कोणी >= च्या जागी नुसतं > लिहिलं तर काय होईल? प्रोग्राम चालेल. १७ वर्षांच्या मुलाला 'थांब' म्हणेल, २५ वर्षांच्या तरुणीला 'पूर्ण' म्हणेल. सगळं ठीक दिसेल. पण जिला आज अठरावं वर्ष पूर्ण झालंय ती मुलगी बाहेर राहील. आपल्या राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदात मतदाराचं वय अठरा वर्षांपेक्षा कमी नसावं अशा अर्थाची शब्दरचना आहे. 'कमी नसावं' याचा पायथनमधला अर्थ >=. एक छोटंसं चिन्ह गळलं आणि घटनेनं दिलेला हक्क प्रोग्रामनं काढून घेतला.

म्हणून मराठीतली अट पायथनमध्ये लिहिताना शब्द नीट वाचायचा. 'किमान १८' म्हणजे >=. '१८ पेक्षा जास्त' म्हणजे >. 'जास्तीत जास्त १२' म्हणजे <=. '१२ पेक्षा कमी' म्हणजे <. आणि 'च्या वरील', 'पर्यंत', 'च्या आत' असे शब्द आले तर तिथे थांबून विचारायचं, की काठावरचा आकडा आत धरायचा की बाहेर? अंदाजानं लिहायचं नाही.

आता दोनपेक्षा जास्त वाटा असतील तर? त्यासाठी एलिफ आहे. 'हे नसेल, तर मग हे आहे का बघ' असा त्याचा अर्थ. उदाहरण आपल्या एसटीचंच घेऊ. महाराष्ट्रात २०२२ पासून वयाची ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. आणि ६५ ते ७५ या वयातल्या ज्येष्ठांनाही निम्मं भाडं आहे. मुलांचं तिकीट आणि बाकीच्या सवलती सोपेपणासाठी बाजूला ठेवू. प्रोग्राम असा होईल :

इफ वय >= ७५:
    भाडे = ०
एलिफ लिंग == 'स्त्री':
    भाडे = पूर्ण / २
एलिफ वय >= ६५:
    भाडे = पूर्ण / २
एल्स:
    भाडे = पूर्ण

पायथन ही उतरंड वरून खाली वाचतो. जी अट पहिल्यांदा खरी ठरते तिथे तो आत जातो आणि खालच्या अटींकडे ढुंकूनही बघत नाही. तिसऱ्या अटीत 'आणि वय ७५ पेक्षा कमी' असं लिहावं लागलं नाही ते यामुळेच. ७५ आणि त्याहून मोठे सगळे वरच निघून गेलेले आहेत.

पण याचाच दुसरा अर्थ असा, की क्रम बदलला तर उत्तर बदलतं. समजा, महिलांची अट वर घेतली आणि ७५ ची तिच्या खाली ठेवली. आता ८० वर्षांच्या आजी तिकीट काढायला आल्या. पहिली अट : स्त्री आहे का? आहे. निम्मं भाडं. संपलं. मोफत प्रवासाची अट खाली लिहिलेली आहे, बरोबर लिहिलेली आहे, पण आजींपुरती ती नसल्यासारखीच. त्यांच्याच वयाच्या आजोबांना मात्र तिकीट लागणार नाही. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबर आणि तरी आजींवर अन्याय! नियम असा लक्षात ठेवा : ज्याला सगळ्यात मोठा लाभ मिळायचा आहे किंवा ज्याची अट सगळ्यात खास आहे, त्याला आधी विचारायचं आणि सरसकट अट खाली ठेवायची.

नवशिके आणखी एक गोष्ट करतात. एलिफच्या जागी दरवेळी नवं इफ लिहितात. वाचताना फरक जाणवत नाही, पण आता या तीन वेगवेगळ्या अटी झाल्या. प्रत्येक प्रवाशाला तिन्ही विचारल्या जाणार. आणि शेवटचं एल्स फक्त शेवटच्या इफचं राहिलं. पूर्ण भाडं २०० रुपये धरून कागदावर चालवून बघा.

८० वर्षांच्या आजी : पहिल्या इफमध्ये भाडं ०. दुसऱ्यात त्या स्त्री आहेत म्हणून भाडं १००. तिसऱ्यात वय ६५ च्या वर म्हणून पुन्हा १००. शेवटी १०० रुपये भरा.

३० वर्षांची महिला : पहिलं इफ लागू नाही. दुसऱ्यात भाडं १००. तिसरं लागू नाही, म्हणून त्याचं एल्स चालणार आणि भाडं २००. सवलत मिळाली आणि पुढच्याच क्षणी गेली.

प्रोग्राम कुठेही अडला नाही, एरर नाही. म्हणून म्हणतो, कागदावर एकेक माणूस उभा करून प्रोग्राममधून चालवायची सवय लावून घ्या.

आता दोन अटी जोडायच्या असतील तर. पायथनमध्ये अँड म्हणजे दोन्ही खऱ्या हव्यात आणि ऑर म्हणजे एक खरी असली तरी पुरे. इथे आपली मराठी आपल्याला फसवते. सूचनाफलकावर लिहिलेलं असतं, 'महिला आणि ज्येष्ठ नागरिकांना निम्मं भाडं'. वाक्यात 'आणि' आहे म्हणून आपण अँड लिहिलं, तर जी स्त्रीही आहे आणि ज्येष्ठही आहे तिलाच सवलत मिळेल. ३० वर्षांची महिला गेली, ६८ वर्षांचे आजोबाही गेले. वाक्याचा अर्थ असा, की या दोन गटांपैकी कोणत्याही गटात असाल तरी चालेल. म्हणून इथे ऑर हवं :

एलिफ लिंग == 'स्त्री' ऑर वय >= ६५:

याच ओळीत उलटी चूकही होते. समजा, 'गट' नावाचं व्हेरिएबल आहे आणि कोणी लिहिलं :

इफ गट == 'महिला' ऑर 'ज्येष्ठ':

वाचायला अगदी सरळ. पण पायथन ऑरच्या दोन्ही बाजू वेगळ्या वाचतो. उजवीकडे नुसता 'ज्येष्ठ' हा शब्द आहे, आणि रिकामा नसलेला कोणताही मजकूर पायथन खरा धरतो. म्हणजे ही अट कायमच खरी. जो येईल त्याला सवलत. व्हेरिएबलचं नाव दोन्ही बाजूंना पुन्हा लिहावं लागतं, हे पाठच करून टाका.

शेवटी एक घडलेली गोष्ट, म्हणजे हे सगळं किती दूर जाऊ शकतं ते कळेल. आधी लीप वर्षाचा नियम आठवा. चारनं भाग जाणारं वर्ष लीप. पण शंभरनं भाग गेला तर नाही. आणि चारशेनं गेला तर पुन्हा लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं. एलिफच्या उतरंडीत आधी ४००, मग १००, मग ४ असं विचारलं की झालं. खास अट वर, सरसकट खाली. एसटीचाच नियम.

मायक्रोसॉफ्टचं झून नावाचं गाणी ऐकायचं यंत्र होतं. ३१ डिसेंबर २००८ या दिवशी त्याचं ३० गिगाबाइटचं मॉडेल जगभर एकाच वेळी बंद पडलं. लीप वर्षाचा नियम तर त्यात होता. मग चुकलं काय? आत दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणारा एक तुकडा होता. मूळ सी भाषेत असलेला तो तुकडा पायथनमध्ये साधारण असा दिसेल :

व्हाइल दिवस > ३६५:
    इफ लीप(वर्ष):
        इफ दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            वर्ष = वर्ष + १
    एल्स:
        दिवस = दिवस - ३६५
        वर्ष = वर्ष + १

व्हाइल म्हणजे अट खरी आहे तोवर आतलं काम पुन्हा पुन्हा करत राहणं. आता यातून ३१ डिसेंबर २००८ चालवा. २००८ लीप वर्ष, म्हणून हा त्या वर्षाचा ३६६वा दिवस. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का? आहेत, आत या. वर्ष लीप आहे का? आहे. दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत, बरोबर ३६६ आहेत. मग काय करायचं? काहीच लिहिलेलं नाही. आतल्या इफला एल्स नाही. दिवस तेवढेच, वर्ष तेच, पुन्हा वर. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. यंत्र त्या फेऱ्यात अडकलं. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारनंतर पुन्हा सुरू करा, असा सल्ला कंपनीला द्यावा लागला. आतल्या इफला एक एल्स देऊन त्यात ब्रेक लिहिलं असतं, म्हणजे 'या फेऱ्यातून बाहेर पड' असं सांगितलं असतं, तर काम झालं असतं.

बाकी सगळे दिवस हा तुकडा बरोबर चालत होता. तो चुकला ते काठावरच्या एका दिवशी.

तेव्हा अट लिहून झाली की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. बरोबर काठावरच्या आकड्याचं काय होतं? एकाच माणसाला दोन अटी लागू असतील तर आधी कोणती विचारली जाते? आणि एकाही अटीत जो बसत नाही, तो कुठे जातो?

घरी करायचा सराव : एसटीचा प्रोग्राम स्वतः टाइप करा. मग वय ६४, ६५, ७४, ७५ देऊन, प्रत्येक वेळी स्त्री आणि पुरुष असे आठ प्रवासी त्यातून पाठवा. आधी उत्तरं कागदावर लिहा, मग प्रोग्राम चालवा आणि दोन्ही जुळतात का पाहा. ते जमलं की वय उणे ५ देऊन बघा. तुमचा प्रोग्राम त्याचंही तिकीट फाडतो का? फाडत असेल, तर ती अट कुठे लिहायची, सगळ्यात वर की सगळ्यात खाली, याचा विचार करून या.

पुढच्या भागात फॉर लूप बघू.