डबा फेकण्याआधी उघडून पाहा!

दिवाळी जवळ आली की आपण बायका पदर खोचून माळा आवरायला काढतो. हमखास एक पत्र्याचा जुना डबा निघतो, त्यात मुलांची क्रिकेटची कार्डं. ‘काय हा कचरा जमवलाय!’ म्हणत तो थेट भंगारवाल्याच्या गोणीत जातो. मैत्रिणींनो, जरा थांबा.

आमच्या जव्हारच्या घरातल्या डब्यात दोन पिढ्या नांदताहेत. तळाशी आमच्या ‘ह्यां’ची कार्डं, १९८७ च्या वर्ल्डकपच्या सुमारासची. तेव्हा ‘बिग फन’ बबलगमबरोबर खेळाडूंचे फोटो मिळायचे. त्यावर धावा नाहीतर विकेट छापलेल्या असत. ठरावीक आकडा जमला, की बदल्यात छोटी पुस्तिका मिळायची. तिची पानं भरभर सोडली, की फलंदाज फटका मारताना दिसायचा! वरच्या थरात लेकाची ट्रम्प कार्डं आणि आयपीएलची चकचकीत ‘क्रिकेट अटॅक्स’. बापाने भारताचा संघ जमवला, लेकाने मुंबई इंडियन्सचा.

‘क्रिकेट अटॅक्स’ काढणारी टॉप्स कंपनी मूळची अमेरिकेतली. तिकडे बेसबॉल खेळाडूंची कार्डं शंभराहून जास्त वर्षं जमवली जाताहेत. आधी ती सिगारेटच्या पाकिटात यायची, मग बबलगमबरोबर. टॉप्सनेच १९५२ साली काढलेलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ १०० कोटी रुपये! एवढी किंमत का? तर, त्या काळची चांगल्या अवस्थेतली कार्डं फार थोडी उरलीत. मुलं ती सायकलच्या चाकात अडकवायची आणि मुलं मोठी झाली, की आया घर आवरताना फेकून द्यायच्या. ‘माझी कार्डं आईने टाकली’ ही तिकडच्या पुरुषांची जुनीच तक्रार. आया इथून तिथून सारख्याच!

आपल्या डब्यातून कोटी निघतील, ही आशा नकोच. पण किंमत काय फक्त पैशातच असते?

बचत गटाच्या कामासाठी मी मोखाड्याच्या पाड्यांवर जाते. तिथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. बिऱ्हाडात भांडी, कपडे, तांदूळ; कार्डांना जागा कुठली? एका पाड्यावर सहावीतल्या मुलाची कार्डं त्याच्या आईने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कणगीच्या मागे जपून ठेवली होती. पावसाआधी परत आल्यावर पोराने आधी तीच काढून मोजली. सहा महिने पुस्तक न उघडलेल्या त्या मुलाने कोणत्या फलंदाजाची सरासरी जास्त, हे मला दशांश चिन्हासकट वाचून दाखवलं. स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी त्याच्याकडे तेवढीच एक वस्तू. आईला अक्षर येत नाही, पण तिला ते कळलं होतं.

तेव्हा कार्डं राहू द्या, फक्त नीट ठेवा. रबर लावू नका, कडा दुमडतात आणि उन्हाळ्यात रबर चिकटतं. फाटलेलं कार्ड चिकटपट्टीने जोडू नका, डाग पडतो. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीलाही ओल येते, म्हणून डबा भिंतीपासून दूर, उंचावर ठेवते. पाऊस संपला, की कार्डं सावलीत पसरून हवा देते, कडक उन्हात नाही, रंग उडतात. प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा अल्बम मिळाला तर उत्तमच. मुलाच्या हातून मागे बारीक अक्षरात नाही, तर वेगळ्या वहीत लिहून घ्या: कोणतं कार्ड, कधी, कुठून मिळालं.

एक गोष्ट मात्र मला फार खटकायची. आमच्या त्या डब्यात एकही बाई नव्हती. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला आणि माझ्या पुतणीने कात्री काढली. पेपरातले फोटो पुठ्ठ्यावर चिकटवले, मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलं. स्मृती मानधना, आपल्या सांगलीची, स्पर्धेत ४३४ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज, उपांत्य सामन्यात नाबाद १२७. दीप्ती शर्मा, २२ बळी. आता त्याही डब्यात बसल्यात, ऐटीत!

यंदा माळा आवराल, तेव्हा डबा टाकण्याआधी मुलाला विचारा. आणि मुलीलाही विचारा, ‘तुझा संघ कोणता गं?’