शरणागताचा हक्क की राजाचा धर्म?

मागच्या व्याख्यानात आपण हक्क आणि कर्तव्य यांची जोडी पाहिली. शेवटी एक प्रश्न आला होता, तो वेळेअभावी राहून गेला. स्वतःच्या देशात जीव धोक्यात असेल तर माणसाने दुसऱ्या देशात आश्रय मागायचा कसा? आणि तो देश ‘नाही’ म्हणू शकतो का? आज तेवढंच पाहू.

शिबी राजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसलं आणि त्याला वाचवायला राजाने स्वतःचं मांस कापून दिलं. आम्ही वर्गात विचारायचो, इथे कबुतराचा हक्क होता की राजाचा धर्म? मुलं बहुधा म्हणायची, धर्म. म्हणजे राजा शिबीसारखा नसता, तर कबुतराला दाद मागायला जागाच नव्हती.

आता घडलेली गोष्ट घेऊ. १३ मे १९३९ रोजी ‘सेंट लुईस’ ही बोट हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन निघाली. जवळजवळ सगळे नाझी राजवटीतून सुटू पाहणारे ज्यू. क्युबात उतरण्याचे कागद बहुतेकांजवळ होते, पण क्युबा सरकारने ते मानले नाहीत. फक्त २८ जणांना उतरू दिलं. अमेरिका आणि कॅनडा यांनीही दार उघडलं नाही. बोट युरोपात परतली. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड यांनी प्रवासी वाटून घेतले. पुढच्याच वर्षी यांतल्या तीन देशांत जर्मन फौजा शिरल्या. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे ज्यूंच्या संहारात गेले.

युद्धानंतर जगाला थोडी जाग आली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १४ आलं. छळापासून वाचण्यासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा आणि त्याचा लाभ घेण्याचा हक्क. इथे शब्द नीट पाहा. मसुद्यात आश्रय ‘मिळण्याचा’ हक्क होता. चर्चेत तो शब्द गळला. राष्ट्रांना स्वतःला तेवढं बांधून घ्यायचं नव्हतं.

मग १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार झाला. निर्वासित कोण, तर जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणासाठी आपला छळ होईल अशी ज्याला साधार भीती आहे. गरिबी किंवा दुष्काळ या व्याख्येत बसत नाही. ‘साधार भीती’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. भीती मनात असते, आधार बाहेर दाखवावा लागतो. आणि जीव घेऊन पळणारा माणूस पुराव्यांची फाइल बरोबर थोडाच आणतो?

म्हणून प्रत्यक्षात असं होतं. माणूस सीमेवर किंवा देशात पोहोचल्यावर अधिकाऱ्याला सांगतो, मला आश्रय हवा आहे. घरी बसून अर्ज करायची सोय सहसा नसते. आधी दारापर्यंत पोहोचावं लागतं. थेट धोक्याच्या जागेहून आलेल्या माणसाने विनाविलंब स्वतःहून हजर होऊन कारण सांगितलं, तर केवळ विनापरवाना आल्याबद्दल त्याला शिक्षा करू नये, असं करार सांगतो. मग मुलाखत होते. त्याचं म्हणणं आणि त्याच्या देशातली परिस्थिती ताडून पाहतात. अर्ज फेटाळला तर अनेक देशांत अपील करता येतं. युद्धगुन्हेगारांना मात्र हे संरक्षण नाही.

आता कराराचं कलम ३३. ज्या ठिकाणी निर्वासिताच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला या कारणांमुळे धोका आहे, तिथे त्याला परत पाठवायचं नाही. देशाच्या सुरक्षेचे काही अपवाद आहेत, पण नियम हा आहे. म्हणजे मांडीवर बसवून घेण्याची सक्ती कायद्याने राजावर केली नाही. ससाण्याच्या हवाली करू नको, एवढंच बजावलं.

भारताने या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः पाहतं. अफगाणिस्तानातून आलेल्यांसारख्या काहींचे अर्ज संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तपासते. पण आपल्या घटनेचं कलम २१ ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. त्याच आधारावर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातल्या चकमा लोकांच्या जिवाचं रक्षण करायला राज्य सरकारला सांगितलं.

तेव्हा उत्तर असं, की मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नाही, आणि या दोहोंच्या मध्ये ‘परत पाठवू नका’ ही एक अरुंद फळी आहे. कोणी म्हणेल, हे फारच थोडं झालं. खरंच थोडं आहे. पण १९३९ साली त्या बोटीवरच्या माणसांना पाय ठेवायला तेवढी फळीसुद्धा नव्हती. ती रुंद करायची की काढून घ्यायची, हे आज प्रत्येक देशातले आपल्यासारखे मतदार ठरवतात. शिबीची जागा आता आपल्याकडे आली आहे. इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.